पवित्र भूमीची समूहयात्रा : आठ दिवसांत तेवीस ठिकाणं करावीत का?

शेवंती

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

२०१९ च्या ऑक्टोबरात मी आईला घेऊन पवित्र भूमीच्या, म्हणजे येशूच्या आयुष्यातल्या इस्रायल-पॅलेस्टाइनमधल्या जागांच्या, यात्रेला गेले होते. एकोणचाळीस माणसं, सोबत आमचे फादर, आठ दिवस. आता आमचा गट नव्या लोकांना घेऊन पुन्हा जायचं म्हणतोय. तारीख तिथली परिस्थिती पाहूनच ठरेल, पण कार्यक्रम आखायच्या समितीत मला घेतलंय. टूरवाल्यांनी पाठवलेला कागद समोर आहे. आठ दिवसांत तेवीस ठिकाणं. गेल्या वेळचा कागदही जवळजवळ हाच होता, म्हणून मला धास्ती वाटतेय.

आई तेव्हा बहात्तर वर्षांची. दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी. जेरुसलेमला पवित्र कबरीच्या (म्हणजे येशूच्या कबरीच्या) चर्चमध्ये आम्ही पावणेदोन तास रांगेत उभे होतो. कबरीवर जी छोटी वास्तू आहे तिच्यात एका वेळी तीन-चार माणसंच मावतात, आणि आतलं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय शिरता येत नाही. आई वाकली, आत गेली, संगमरवरी शिळेवर हात ठेवला. तिचे ओठ नुकते हलायला लागले होते, तेवढ्यात दारावरच्या धर्मगुरूंनी बाहेर यायची खूण केली. त्यांची चूक नव्हती, मागे शेकडो माणसं होती. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "अगं, मी अजून आमेनपर्यंत पोचले नव्हते."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तिला पुन्हा घेऊन गेले. आमचा मुक्काम जुन्या शहराच्या भिंतीजवळच होता. गल्ल्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं, फरशा दवाने निसरड्या झालेल्या. कबरीपाशी तेव्हाही प्रार्थना चालू होती, आम्ही तिकडे गेलोच नाही. दारातून आत शिरल्याबरोबर समोर एक लालसर शिळा आहे, येशूचा देह क्रूसावरून उतरवून त्याला सुगंधी द्रव्यं लावली त्याची आठवण म्हणून. तिथे चढउतार नाही. आई भिंतीला टेकून बसली. एक परदेशी बाई शिळेवर तेल ओतून ते रुमालाने टिपत होती. तिने आईकडे पाहिलं, रुमालाचं एक टोक आईच्या हातात दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी मिळून ती शिळा पुसत होत्या. चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो. त्या यात्रेतली ही एकच गोष्ट कागदावर नव्हती, आणि आई आजही सांगते ती तीच.

म्हणून मला तेवीसची बारा ठिकाणं करायची आहेत. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा, काय काढावं आणि काय काही झालं तरी काढू नये?

वाटसरू_१२

शेवंतीताई, आईंची गोष्ट वाचून गलबलून आलं. तरीही मी तुमच्या विरुद्ध मत मांडणार आहे, राग मानू नका.

मी दोन वेळा गट घेऊन गेलोय. जाणारी बहुतेक माणसं आयुष्यात एकदाच जातात. कुणी निवृत्तीच्या पैशातून, कुणी मुलांनी वर्गणी काढून पाठवलेलं. त्यांच्या मनात कोणती जागा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या दुसऱ्या गटात मी ताबोर पर्वत काढून टाकला होता. कारण साधं होतं, मोठ्या बसला वर जाता येत नाही. पायथ्याशी उतरून लहान गाड्यांनी वळणावळणाच्या रस्त्याने वर जायचं, पुन्हा तसंच खाली यायचं. येण्याजाण्यासकट अर्धा दिवस जातो. गटात एक काका होते. नाझरेथहून निघताना त्यांनी खिडकीतून तो गोल डोंगर पाहिला आणि विचारलं, "हाच ना रूपांतराचा डोंगर?" म्हणजे शिष्यांसमोर येशूचं रूप तेजस्वी झालं तो. मी हो म्हटलं. मग ते जेरुसलेम येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बायकोच्या आजारपणात बोललेला नवस त्या डोंगराचा होता, हे मला परत आल्यावर कळलं.

ते ओझं मी अजून वागवतोय. तेव्हा काढायचंच असेल तर आधी प्रत्येकाला विचारा.

मायेचीसावली

मी परिचारिका आहे आणि अशा यात्रेत सोबत गेलेय, त्यामुळे मी फक्त पायांबद्दल बोलते. कुठलं ठिकाण मोठं, कुठलं लहान, ते तुम्ही ठरवा.

जैतुनाच्या डोंगरावरून गेथसेमनी बागेपर्यंतची (येशूने पकडलं जाण्याआधी प्रार्थना केली ती बाग) वाट कागदावर 'पायी, उताराची' अशी लिहिलेली असते आणि सगळ्यांना वाटतं उतार म्हणजे सोपं. गुडघेदुखीच्या माणसाला उतारच मारतो. ही वाट चांगलीच तीव्र आहे. म्हाताऱ्या माणसांना वरून शहर दाखवा आणि गाडीने खाली बागेपाशी आणा. बाकीच्यांना चालू द्या, वाटेत दोमिनुस फ्लेवितचं छोटं चर्च आहे तिथे थांबता येईल. येशू शहराकडे पाहून रडला त्याची ती आठवण. वेदीमागच्या खिडकीतून समोर सगळं जेरुसलेम दिसतं.

कालवारीच्या, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं त्या, जागेसाठी पवित्र कबरीच्या चर्चमध्येच उजव्या हाताला अरुंद, उंच पायऱ्या चढाव्या लागतात. एकामागून एक जायचं, पुढेमागे आपलं माणूस ठेवायचं. बेथलेहेमला जन्माच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे, आणि आत गुहेत उतरायच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. गर्दी मागून रेटते. तिथे काठी उपयोगाची नाही, माणसाचा खांदाच लागतो.

मी काय केलं ते सांगते. पहिल्याच संध्याकाळी प्रत्येक ज्येष्ठ माणसाला एक तरुण जोडीदार ठरवून दिला, आणि तो आठ दिवस बदलायचा नाही. घरचं माणूस सोबत असलं तरीही. घरचं माणूस थकतं, आणि मग त्याच्या तोंडून नको ते निघतं.

औषधं हातातल्या पिशवीत. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, नाहीतर दारातून परत पाठवतात. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटा कागद देतात, तो जपा.

निळीशाई

मी ख्रिस्ती नाही, पण इतिहासाची आवड म्हणून हा धागा वाचतेय. एक प्रश्न विचारू का? दुखवायचा हेतू नाही. ठिकाणं कमी करायचीच असतील तर जिथे पुरावा भक्कम आहे ती ठेवून बाकीची गाळावीत असा विचार करता येईल का? पवित्र कबर नक्की तीच जागा आहे, हे कसं ठरलं?

जुनीवही

@निळीशाई, चांगला प्रश्न. सविस्तर लिहितो, कारण माझा जीव या विषयात अडकलाय.

आजचं पवित्र कबरीचं चर्च शहराच्या तटबंदीच्या आत आहे, आणि शुभवर्तमान सांगतं की येशूला शहराबाहेर क्रूसावर दिलं. पण ती जागा आत घेणारी तटबंदी हेरोद अग्रिप्पाच्या काळात, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनी बांधली गेली. त्याआधी ही जागा बाहेरच होती आणि तिथे दगडाची खाण होती. चर्चच्या मागच्या भागात, सीरियन लोकांच्या अंधाऱ्या प्रार्थनागृहाला लागून, पहिल्या शतकातल्या पद्धतीच्या खडकात कोरलेल्या कबरी आजही दिसतात. बहुतेक गट तिथपर्यंत जात नाहीत. पुढे रोमन सम्राट हेड्रियनने या जागेवर देऊळ बांधलं. नंतरचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ते पाडून खाली खणलं, कबर सापडली असं मानलं गेलं, आणि ३३५ साली चर्चचं अर्पण झालं. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने ते पाडलं गेलं, नंतर पुन्हा उभं राहिलं. आज जे दिसतं त्याचा बराच भाग क्रूसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय योद्ध्यांच्या, काळातला आहे. कबरीवरची शिळा २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी बाजूला केली, तेव्हा खालचा मूळ खडक पुन्हा पाहायला मिळाला. शेवंतीताईंच्या आईंनी पुसली ती लाल शिळा मात्र आत्ताच्या रूपात १८१० ची आहे.

आता गालीलच्या समुद्राकाठचं कफर्णहूम. तिथे येशूचा शिष्य पेत्र याचं घर म्हणून दाखवतात त्यावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च बांधलेलं होतं. खाली साध्या काळ्या दगडाचं घर, त्यातल्या एका खोलीला मुद्दाम गिलावा केलेला आणि त्यावर यात्रेकरूंनी खरडलेल्या प्रार्थना. म्हणजे घराचं प्रार्थनास्थळ फार लवकर झालं होतं. १९९० साली त्यावर नवं चर्च बांधलं, त्याला मधोमध काचेची जमीन आहे, तीतून खाली घर दिसतं.

पण पुराव्याच्या तराजूत घालून ठिकाणं गाळू नयेत असं मला मनापासून वाटतं. गेथसेमनी बागेतल्या आठ जुन्या जैतून झाडांपैकी तीन झाडांच्या खोडांचं वय तपासता आलं, ते बाराव्या शतकाच्या आसपासचं निघालं. येशूने रात्र काढली ती झाडं ही नव्हेत. मग ती पाहताना डोळे भरून येतात त्याला खोटं म्हणायचं का? आठ-नऊशे वर्षं माणसं त्या झाडांखाली रडत आली आहेत, तेवढं तरी अगदी खरं आहे.

आणि समूहयात्रा काही टूरवाल्यांनी काढलेली गोष्ट नाही. ३३३ साली बोर्डोहून आलेल्या एका यात्रेकरूने आपल्या वाटेची नोंद ठेवली आहे. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी एगेरिया नावाची बाई आली. तिची वही १८८४ मध्ये इटलीत सापडली. ती जिथे जाईल तिथे त्या जागेचा बायबलमधला उतारा वाचून घ्यायची आणि मगच प्रार्थना करायची. जेरुसलेमला बिशप ग्रीकमध्ये बोलत, शेजारी उभा एक धर्मगुरू ते सीरियाकमध्ये सांगे, आणि लॅटिनवाल्यांना त्यांची भाषा येणारं कुणीतरी समजावून देई, असं तिने लिहिलंय. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रूसाच्या लाकडाचं चुंबन घ्यायला रांग लागे, आणि सेवक भोवती पहारा देत, कारण एकाने म्हणे वाकून चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा चावून पळवला होता. सोळाशे वर्षांपूर्वीसुद्धा रांग होती आणि रांग पुढे सरकवणारी माणसंही होती.

गव्हाचादाणा

आमचा गट प्रॉटेस्टंट मंडळीचा होता, पाळक सोबत होते, त्यामुळे आमचा अनुभव थोडा वेगळा. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये आमच्यातल्या अनेकांचा जीव गुदमरला. दिवे, धूप, गर्दी, एका कोपऱ्यात एका पंथाची उपासना आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या पंथाची मिरवणूक. दमास्कस दरवाजाबाहेरच्या बागेतल्या कबरीत, म्हणजे गार्डन टूममध्ये, आम्हाला जे मिळालं ते तिथे मिळालं नाही. झाडं, बाकं, पक्ष्यांचा आवाज, आणि काहीजण येशूची मानतात ती रिकामी कबर. आधी सांगून ठेवल्यामुळे आम्हाला बाजूची एक जागा मिळाली आणि तिथे आम्ही प्रभुभोजन घेतलं. ती कबर येशूच्या काळापेक्षा बरीच जुनी आहे असं अभ्यासक म्हणतात, हे आमच्या पाळकांनी आधीच सांगितलं होतं. तरीही शेवंतीताई, तुमच्या यादीत ती नसेल तर एक तास काढून घाला.

शेवंती

सगळ्यांचे आभार. उत्तरं एकेक करून देते.

गव्हाचादाणा, बाग आमच्या यादीत नव्हती. आईसारख्या माणसाला बाकावर बसून वधस्तंभाचा विचार करता येईल अशी जागा मी शोधतच होते. घालते.

तुम्ही त्या चर्चमधल्या कोलाहलाबद्दल लिहिलंत, ते अगदी असंच आहे. पण मला त्यातही काही सापडलं ते सांगू का? तिथे सहा पंथ आहेत. ग्रीक, आर्मेनियन आणि आपले कॅथलिक फ्रान्सिस्कन संन्यासी हे मुख्य तीन. शिवाय कॉप्ट, इथिओपियन आणि सीरियन. कुणाची मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची उपासना) किती वाजता, कुठला खांब कोणी पुसायचा, हे सगळं 'जैसे थे' ठेवायचं, असा तुर्की सुलतानाचा १८५२ चा हुकूम आजही पाळतात. दरवाजावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, ती हलवायची कुणाची हे ठरत नाही म्हणून कित्येक पिढ्या तिथेच आहे. आणि मोठ्या दाराची किल्ली एका मुसलमान घराण्याकडे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. फादरांनी हे सांगितलं तेव्हा गटातले एक आजोबा म्हणाले, "भांडूनसुद्धा एका छपराखाली राहिलेत ना, तेही थोडं नाही."

वाटसरूदादा, तुमच्या काकांचं वाचून मी माझी बाराची यादी फाडली. तुम्ही म्हणता ते बरोबर, आधी विचारायला हवं. नाव नोंदवतानाच प्रत्येकाकडून एका जागेचं नाव लिहून घ्यायचं, असं समितीला सुचवतेय. कारण सांगायची सक्ती नाही.

पण दादा, एक गोष्ट तुम्हीही मान्य करा. तेवीस ठिकाणं 'केली' की त्यातली बहुतेक होतच नाहीत. गालीलच्या समुद्राकाठी आम्ही एका दिवसात धन्यवादांचा डोंगर (येशूने 'धन्य ते...' हे प्रवचन दिलं तो), तबघा, पेत्राचं चर्च, कफर्णहूम, नावेतली फेरी आणि यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी, एवढं सगळं केलं. संध्याकाळी फादरांनी विचारलं की भाकरी आणि मासळीचं मोझेक (रंगीत खड्यांचं चित्र) कुठे पाहिलं, तर निम्म्या लोकांनी कफर्णहूम सांगितलं. ते तबघाला आहे. ही माणसं निष्काळजी नव्हती हो. दमली होती.

पाऊलवाट

मिस्सेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गटासोबत धर्मगुरू असतील तर बहुतेक ठिकाणी मिस्सेची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, फ्रान्सिस्कनांच्या ताब्यातल्या जागांसाठी त्यांच्याच कार्यालयातून. पवित्र कबरीत मिस्सा हवी असेल तर पहाटेच्या ठरावीक वेळाच असतात आणि फार थोडी माणसं मावतात. शेवटच्या भोजनाच्या माडीवर सहसा मिस्सा करू देत नाहीत, हे लोकांना आधी सांगा, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होतो.

माझ्या मते कार्यक्रम मिस्सेभोवती आखावा. जिथे मिस्सा, तिथे त्या दिवशी घाई नाही. बाकीचं जमलं तर.

क्रूसाच्या वाटेसाठी, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेवर चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना करायला, पहाटेची वेळ घ्या. वाट बाजारातून जाते, दुकानं उघडली की चौदा स्थानं शोधण्यातच ध्यान जातं. शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चमध्येच आहेत. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन बंधू ही वाट करतात, त्यांच्यात सामील होता येतं, पण गर्दी असते.

दीपमाळ

बेथलेहेमबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. ते दोन तासांचं ठिकाण करू नका.

जेरुसलेमपासून जेमतेम दहा किलोमीटर, पण मध्ये उंच भिंत आणि तपासणी नाकं. बरेचदा इस्रायली वाटाड्या अलीकडेच उतरतो आणि पलीकडे पॅलेस्टिनी वाटाड्या बसमध्ये चढतो. गट येशूच्या जन्माची जागा दाखवणाऱ्या चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्याला हात लावतो, फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत परत निघतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांशी एक शब्द बोलणं होत नाही. त्यातली कितीतरी घरं जैतुनाच्या लाकडावर कोरीवकाम करून जगतात, म्हणजे यात्रेकरूंवरच जगतात. युद्धामुळे २०२३ आणि २०२४ चा नाताळ तिथे रोषणाईशिवाय गेला.

आम्ही एक रात्र बेथलेहेमला मुक्काम केला. सकाळी सेंट कॅथरीनच्या चर्चमध्ये स्थानिक लोकांबरोबर अरबी मिस्सेला बसलो. भाषा कळत नव्हती, पण मिस्सेचा कुठला भाग चाललाय ते बरोबर कळत होतं. शांतीचं अभिवादन करताना पुढच्या बाकावरची एक आजी वळली आणि आमच्या सगळ्या ओळीचे हात एकेक करून धरले. आपण त्या जागा पाहायला जातो. ही माणसं दोन हजार वर्षं त्या जागा सोडून गेली नाहीत.

मायेचीसावली

दीपमाळशी पूर्ण सहमत. आणि एका जागी दोन रात्री राहिलं की म्हाताऱ्या माणसांना बॅग पुन्हा भरावी लागत नाही, हा फायदा वेगळाच.

निळीशाई

जुनीवही, सगळ्यांचेच आभार. चावून पळवलेल्या लाकडाची गोष्ट घरी सगळ्यांना वाचून दाखवली. आता एगेरियाचं भाषांतर मिळवून वाचणार आहे. शेवंतीताई, समितीत काय ठरलं ते इथे नक्की लिहा.

शेवंती

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. मध्येच तिने मला थांबवलं आणि म्हणाली, तू बेथेस्दाच्या तळ्याचं का लिहिलं नाहीस?

मी विसरले नव्हते, लिहायचं धाडस होत नव्हतं. आता लिहिते.

सेंट अ‍ॅनच्या चर्चशेजारी ते तळं आहे, म्हणजे खोल उतरत गेलेले अवशेष. योहानाच्या शुभवर्तमानातला अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस तिथलाच. येशू त्याला विचारतो, बरं व्हायचंय का? तो हो म्हणत नाही. तो म्हणतो, पाणी हललं की मला तळ्यात सोडायला माझं कुणी नाही. फादरांनी एवढा उतारा वाचला आणि बाकीचे लोक पायऱ्या उतरून अवशेष पाहायला गेले. आई वर कठड्याशी राहिली, कारण तिचे गुडघे तिथे उतरण्यासारखे नव्हतेच. मी तिच्यासाठी पाणी आणायला गेले होते. परत येऊन पाहते तर गटातली दोन कॉलेजची मुलं, ज्यांच्याशी आमची ओळखही धड नव्हती, आईच्या दोन्ही बाजूंना बसलेली. "आम्हाला खाली जायचं नाही, आजी, आम्ही इथेच बसतो," असं म्हणून बसली होती. आई रडत होती आणि ती मुलं काही न बोलता नुसती बसून होती.

मग सगळे सेंट अ‍ॅनमध्ये गेलो. त्या दगडी चर्चमध्ये आवाज असा घुमतो की चार माणसं गायली तर चाळीस वाटावीत. आम्ही आपल्या भाषेतलं भजन म्हटलं. संपल्यावरही ते काही क्षण वर छताशी चालूच होतं. आमच्या मागे कोरियन गट थांबला होता, त्यांनी आमचं संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग त्यांचं सुरू केलं. आम्ही कुणीच बाहेर पडलो नाही. त्या दिवशीचं पुढचं ठिकाण चुकलं. कुणाचीही तक्रार आली नाही.

तर समितीपुढे ठेवायचा कच्चा आराखडा असा. गालीलकाठी तीन रात्री, त्यात नावेच्या फेरीनंतरची दुपार पूर्ण मोकळी. बेथलेहेमला दोन रात्री. जेरुसलेमला उरलेल्या सगळ्या, मुक्काम तटबंदीपासून पायी जाता येईल असाच, म्हणजे ज्याला पहाटे उठून पुन्हा जायचं त्याला जाता येईल. रोज एक मिस्सा, आणि त्या जागेला किमान दीड तास. मृत समुद्र काढला. खरेदीचे दोन थांबे काढले, त्याऐवजी बेथलेहेमला एखाद्या कोरीवकाम करणाऱ्या घरी जायचं. काना, म्हणजे येशू लग्नाला गेला होता ते गाव, ठेवलंय, कारण तीन जोडप्यांना तिथे लग्नाच्या वचनांची उजळणी करायची आहे. सेंट अ‍ॅन आणि बेथेस्दाला अख्खी सकाळ.

ताबोर अजून अडकलाय. नाझरेथच्या दिवशी तो घातला तर घोषणेच्या महामंदिरातली (देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली तिथलं चर्च) मिस्सा सकाळी लवकर घ्यावी लागेल, आणि लहान गाड्यांसाठी किती थांबावं लागेल याचा अंदाज येत नाही. वाटसरूदादा, तुमच्या पहिल्या गटात तुम्ही वर गेला होतात ना? पायथ्याशी पोचल्यापासून परत बसमध्ये बसेपर्यंत नेमका किती वेळ गेला होता ते आठवतंय का? बैठक रविवारी संध्याकाळी आहे, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

वाटसरू_१२

अडीच तास, शेवंतीताई. त्यात वर बसायला पाऊण तास मिळाला होता. दुपारी तीनच्या आत पायथ्याशी पोचा. आणि गटात कुणी ताबोरचं नाव लिहून दिलं तर त्यांना पहिल्या गाडीत बसवा.